चार्ल्स आइव्ह्ज

चार्ल्स एडवर्ड आइव्ह्ज (जन्म : डॅनबरी, कनेक्टिकट, २० ऑक्टोबर १८७४; मृत्यू : न्यू यॉर्क, १९ मे १९५४) हे अमेरिकन संगीतरचनाकार आणि आयुर्विमा व्यवसायातील एक अग्रणी विचारक होते. चार सिंफनी, व्हायोलिन व पियानो यांच्यासाठी लिहिलेले चार सोनाटा, दोन तंतुवाद्य-चतुष्टये, ‘कॉन्कॉर्ड’ या नावाने ओळखला जाणारा पियानो सोनाटा आणि दीडशेहून अधिक गीते अशी त्यांची संगीतनिर्मिती आहे. विमाक्षेत्रात ते ‘आइव्ह्ज अँड मायरिक’ या न्यू यॉर्कमधील एजन्सीचे भागीदार होते. कुटुंबाच्या गरजेवरून विम्याची रक्कम ठरवण्याची पद्धत मांडणाऱ्या आरंभीच्या लेखकांत त्यांची गणना होते.

आइव्ह्ज यांनी उपजीविकेसाठी संगीतावर अवलंबून राहायचे नाही, असे तारुण्यातच ठरवले होते. १८९८ पासून १९२९ अखेरपर्यंत त्यांनी विम्याचे काम केले आणि संध्याकाळी, रविवारी व सुट्टीत संगीत लिहिले. त्यामुळे श्रोत्यांची किंवा प्रकाशकांची मर्जी सांभाळण्याची गरज त्यांना पडली नाही. मात्र त्यांच्या बहुतेक मोठ्या रचना लिहून झाल्यावर वीस, तीस, तर काही वेळा चाळीसहून अधिक वर्षांनी प्रथम वाजवल्या गेल्या.

पार्श्वभूमी आणि बालपण

डॅनबरी हे त्या काळी टोप्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव होते. आइव्ह्ज घराणे गावातील प्रतिष्ठित घराण्यांपैकी एक होते. व्यापार, बँक आणि सार्वजनिक कार्य यांत घरातील मंडळी पुढे होती. चार्ल्स यांचे वडील जॉर्ज आइव्ह्ज (१८४५–१८९४) यांनी मात्र संगीताचा मार्ग धरला. अमेरिकन यादवी युद्धात ते उत्तरेकडील सैन्यात अगदी लहान वयाचे बँडमास्टर होते. युद्धानंतर गावात परतून ते बँड चालवू लागले, वाद्ये शिकवू लागले आणि चर्चमधील गायन बसवू लागले. व्यापारी वृत्तीच्या गावात संगीतकाराला फारशी प्रतिष्ठा नव्हती. वडिलांच्या या स्थितीचा चार्ल्स यांच्या मनावर खोल परिणाम झाला.

जॉर्ज यांना ध्वनीविषयी अपार कुतूहल होते. दोन बँड वेगवेगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या सुरावटी वाजवत एकमेकांसमोरून गेले तर काय ऐकू येते, हे ते प्रत्यक्ष करून पाहत. मुलांना एका स्वरपट्टीत गायला लावून ते साथ दुसऱ्या स्वरपट्टीत करत. पाश्चात्त्य सप्तकातील अर्ध्या स्वराहून लहान अंतरे ऐकण्यासाठी त्यांनी व्हायोलिनच्या तारा एका लाकडी चौकटीवर ताणून एक उपकरण तयार केले होते, अशी आठवण चार्ल्स यांनी नोंदवली आहे. त्यांच्या पुढील संगीतातील एकाच वेळी चालणाऱ्या दोन-तीन लयी, परस्परविरोधी स्वरपट्ट्या आणि पाव-स्वरांचा वापर यांचे मूळ या घरगुती प्रयोगांत सापडते.

चार्ल्स चौदाव्या वर्षी चर्चमध्ये पगारी ऑर्गनवादक झाले. सतराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी ‘अमेरिका’ या देशभक्तिपर सुरावटीवर ऑर्गनसाठी विविधता-मालिका लिहिली. खेळातही ते तितकेच पुढे होते. शाळेच्या बेसबॉल संघात ते चेंडू टाकत.

येल विद्यापीठ

१८९४ च्या सप्टेंबरमध्ये आइव्ह्ज यांनी येल विद्यापीठात प्रवेश घेतला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, ४ नोव्हेंबर १८९४ रोजी, जॉर्ज यांचे अकस्मात निधन झाले. पहिला गुरू आणि पहिला श्रोता एकाच वेळी गेला. येलमध्ये त्यांना होरेशिओ पार्कर यांच्यासारखा जर्मन परंपरेत शिकलेला, शिस्तीचा अध्यापक मिळाला. पार्कर यांना विद्यार्थ्याचे प्रयोग मान्य नव्हते. तथापि मोठ्या रचनेची बांधणी आइव्ह्ज त्यांच्याकडेच शिकले. पहिली सिंफनी या काळातील आहे. १८९८ मध्ये ते पदवीधर झाले.

विमा व्यवसायात प्रवेश

पदवीनंतर आइव्ह्ज न्यू यॉर्कला आले आणि ‘म्युच्युअल लाइफ इन्शुरन्स कंपनी’च्या विमागणित विभागात कारकून म्हणून लागले. आरंभीचा पगार आठवड्याला ५ डॉलर होता. मृत्युमान सारण्या, व्याजाचे दर आणि विमाहप्त्यांची आकडेमोड यांच्याशी त्यांचा पहिला परिचय येथे झाला. पुढच्याच वर्षी ते याच कंपनीसाठी काम करणाऱ्या ‘रेमंड’ एजन्सीत गेले. तेथे त्यांची ज्युलियन मायरिक यांच्याशी ओळख झाली. ही सोबत पुढे तीन दशके टिकली.

सुरुवातीच्या वर्षांत ते नोकरीबरोबर चर्चमधील ऑर्गनवादनही करत. १९०२ च्या एप्रिलमध्ये त्यांची ‘द सेलेस्टिअल कंट्री’ ही मोठी गायनरचना सादर झाली. वृत्तपत्रांनी तिची बऱ्यापैकी दखल घेतली. त्यानंतर लवकरच त्यांनी ऑर्गनवादकाचे पद सोडले आणि पुन्हा कधीही संगीताची नोकरी केली नाही. संगीतावर कुटुंब पोसायचे तर लोकांना रुचेल तेच लिहावे लागेल, आणि आपल्या न रुचणाऱ्या स्वरांसाठी बायकामुलांना उपाशी ठेवण्याचा हक्क कोणाला नाही, अशी त्यांची धारणा होती.

आर्मस्ट्राँग चौकशी आणि स्वतंत्र एजन्सी

१९०५ मध्ये न्यू यॉर्क राज्याच्या विधिमंडळाने आयुर्विमा कंपन्यांच्या चौकशीसाठी विल्यम आर्मस्ट्राँग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचे वकील चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी केलेल्या उलटतपासणीत कंपन्यांचा अवाढव्य खर्च, नातलगांना दिलेली लाभाची कामे आणि राजकीय पक्षांना गुपचूप दिलेल्या देणग्या उघड झाल्या. हा सारा पैसा अखेर विमाधारकांच्या हप्त्यांतूनच येत होता. म्युच्युअल कंपनीच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले, १९०६ मध्ये नवे कडक कायदे झाले आणि रेमंड एजन्सी मोडीत निघाली.

या धक्क्याच्या काळातच आइव्ह्ज यांची प्रकृती बिघडली आणि १९०६ च्या नाताळात ते विश्रांतीसाठी व्हर्जिनियातील समुद्रकिनारी गेले. स्वतंत्र एजन्सीचा बेत तेथे पक्का झाला. १ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी मायरिक यांच्या सोबतीने ‘वॉशिंग्टन लाइफ’ या कंपनीची एजन्सी सुरू केली. १९०९ पासून ही भागीदारी ‘आइव्ह्ज अँड मायरिक’ या नावाने पुन्हा म्युच्युअल कंपनीसाठी काम करू लागली आणि देशातील सर्वांत मोठ्या एजन्सींमध्ये तिची गणना होऊ लागली.

कामाची वाटणी स्वभावानुसार झाली होती. मायरिक लोकांत मिसळत व बाहेरचा कारभार पाहत. आइव्ह्ज आतल्या खोलीत बसून योजना आखत, पत्रके लिहीत आणि एजंटांना शिकवत. विमा एजंटांसाठी पद्धतशीर प्रशिक्षणवर्ग चालवणाऱ्या पहिल्या काही एजन्सींत त्यांची एजन्सी होती. आर्मस्ट्राँग चौकशीनंतर एजंट या शब्दाविषयीच अविश्वास निर्माण झाला होता. एजंटाने गोड बोलून विमा गळ्यात मारू नये, तर हिशेब मांडून दाखवावा, हा आइव्ह्ज यांच्या शिकवणीचा गाभा होता.

विम्याची रक्कम ठरवण्याची पद्धत

त्या काळी बहुतेक लोक विम्याची रक्कम अंदाजाने ठरवत. एजंट एखादा पूर्णांकी आकडा सुचवी आणि ग्राहक खिशाकडे पाहून होकार किंवा नकार देई. मृत्यूनंतर ती रक्कम कुटुंबाला किती वर्षे पुरेल, हा प्रश्न क्वचितच विचारला जाई.

‘द अमाउंट टू कॅरी’ या पुस्तिकेत आइव्ह्ज यांनी हा क्रम उलटा केला. प्रथम कुटुंबाच्या किमान वार्षिक गरजा लिहायच्या. मुले किती वर्षांनी मिळवती होतील आणि पत्नीला किती काळ आधार लागेल, ते पाहायचे. कमावत्या व्यक्तीच्या मृत्यूनंतरही चालू राहणारे उत्पन्न त्यातून वजा करायचे. उरलेली तूट सुरक्षित व्याजदराने भरून काढण्यासाठी जेवढे भांडवल लागेल, तेवढ्या रकमेचा विमा घ्यायचा.

पद्धत स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. एखाद्या कुटुंबाला वर्षाला १,२०० डॉलर लागतात आणि घरभाड्यातून २०० डॉलर येतात. तूट १,००० डॉलरची आहे. व्याजदर ५ टक्के धरला, तर मुद्दलाला हात न लावता ही तूट भरण्यासाठी २०,००० डॉलर लागतील. तूट ठराविक वर्षांपुरतीच असेल, तर मुद्दलही हळूहळू वापरता येते आणि विम्याची रक्कम त्या प्रमाणात कमी होते. एजंटाला हा हिशेब ग्राहकासमोर कागदावर मांडता यावा, अशी पुस्तिकेची रचना होती. १९२० मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली आणि विमा एजंटांमध्ये ती दीर्घकाळ वाचली गेली.

विम्याच्या अर्थशास्त्रात या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन वाटा पुढे रूढ झाल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील सॉलोमन ह्यूबनर यांनी १९२७ मध्ये आयुर्विम्याच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात ‘मानवी जीवनमूल्य’ ही कल्पना मांडली. व्यक्तीची उर्वरित आयुष्यातील कमाई हे एक भांडवल मानून तिचे आजचे मूल्य काढायचे, ही ती वाट. आइव्ह्ज यांची वाट गरजेची होती : माणूस किती कमावतो यापेक्षा त्याच्यामागे राहणाऱ्यांना किती लागेल, हे त्यांनी आधी विचारले. आजचे विमा सल्लागार या दोन्ही पद्धती वापरतात.

विम्यामागील विचार

आइव्ह्ज यांच्या दृष्टीने आयुर्विमा हा व्यापार असला तरी तो परस्पर साहाय्याचा प्रकार होता. एक माणूस केव्हा मरेल हे कोणी सांगू शकत नाही. पण हजारो माणसांच्या समूहात एका वर्षात किती मृत्यू होतील याचा अंदाज संभाव्यतेच्या नियमाने बांधता येतो. व्यक्तीच्या बाबतीत जी अनिश्चितता असते, ती समूहात मिसळली की मोजता येते आणि वाटून घेता येते. सामान्य माणसांच्या एकत्र येण्यातून निर्माण होणाऱ्या या सुरक्षिततेत त्यांना लोकशाहीचे रूप दिसे. राल्फ वाल्डो इमर्सन यांच्या तत्त्वज्ञानावर त्यांची निष्ठा होती आणि एजंटांसाठीच्या लेखनातही त्या विचाराचा ठसा दिसतो.

हीच श्रद्धा त्यांच्या राजकीय लेखनात आढळते. ‘द मेजॉरिटी’ या निबंधात त्यांनी बहुसंख्य सामान्यांच्या विवेकावर विश्वास व्यक्त केला. मोठ्या राष्ट्रीय प्रश्नांवर नागरिकांनी थेट मतदान करावे, यासाठी १९२० मध्ये त्यांनी घटनादुरुस्तीचा मसुदा लिहून वृत्तपत्रांकडे पाठवला. त्याला प्रतिसाद मिळाला नाही. संपत्तीच्या वाढीला मर्यादा असावी, असेही त्यांचे मत होते. स्वतः श्रीमंत झाल्यावर त्यांनी गरजेपुरता पैसा ठेवून बराचसा वाटून टाकला.

संगीतनिर्मिती

आइव्ह्ज यांच्या प्रमुख रचना साधारण १९०२ ते १९२० च्या दशकाचा मध्य या काळातील आहेत. ९ जून १९०८ रोजी त्यांचा विवाह हार्मनी ट्विचेल यांच्याशी झाला. त्या परिचारिका होत्या. त्यांचे वडील रेव्हरंड जोसेफ ट्विचेल हे मार्क ट्वेन यांचे निकटचे मित्र. विवाहानंतर आइव्ह्ज यांच्या लेखनाला स्थैर्य आले. कनेक्टिकटमधील वेस्ट रेडिंग येथे त्यांनी घर बांधले आणि वर्षातील बरेच महिने तेथून आगगाडीने ये-जा करून काम केले.

त्यांच्या संगीतात चर्चमधील स्तोत्रगीते, युद्धगीते, बँडच्या कवायती चाली, नाचाच्या धुना आणि पोरांची गाणी सतत भेटतात. या ओळखीच्या सुरावटी ते सरळ मांडत नाहीत. त्यांचे तुकडे करतात, एकमेकींवर ठेवतात आणि वेगळ्या स्वरपट्टीत अडकवतात. ‘द अनआन्सर्ड क्वेश्चन’ या छोट्या रचनेत तंतुवाद्ये अतिशय मंद, अविचल स्वर धरून राहतात, तुतारी (ट्रम्पेट) एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते आणि बासरी-समूह अधिकाधिक चिडून उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. अखेर प्रश्न उरतो आणि तंतुवाद्यांची शांतता उरते. ‘थ्री प्लेसेस इन न्यू इंग्लंड’ या रचनेच्या मधल्या खंडात दोन बँड एकमेकांवर आदळल्याचा, वडिलांच्या प्रयोगाची आठवण करून देणारा परिणाम साधला आहे. ‘कॉन्कॉर्ड’ सोनाटाचे चार खंड इमर्सन, हॉथॉर्न, अल्कॉट कुटुंब आणि थोरो यांच्या नावाचे आहेत. हॉथॉर्नच्या खंडात पियानोच्या अनेक पट्ट्या एकदम दाबण्यासाठी लाकडी पट्टी वापरावी लागते.

व्हायोलिन सोनाटा

व्हायोलिन व पियानो यांच्यासाठी लिहिलेले चार सोनाटा हा आइव्ह्ज यांच्या संगीताचा सर्वांत सहज आकळणारा भाग मानला जातो. यांतील व्हायोलिन हे मैफिलीतील वाद्य आहे, तसेच खळ्यावरच्या नाचात वाजणारे गावठी ‘फिडल’ही आहे.

पहिल्या सोनाटाच्या मधल्या खंडात यादवी युद्धातील गीतांचे अवशेष आहेत आणि शेवटच्या खंडात एक जुने स्तोत्रगीत येते. दुसऱ्या सोनाटाच्या तीन खंडांना ‘ऑटम’, ‘इन द बार्न’ आणि ‘द रिव्हायव्हल’ अशी नावे आहेत. ‘इन द बार्न’मध्ये ग्रामीण नाचाच्या धुना एकीतून दुसरीत घसरत जातात. ‘द रिव्हायव्हल’ची सुरुवात हळुवार होते आणि धार्मिक मेळाव्यातील भावनावेग चढत जाऊन ओसरतो.

या सोनाटांमध्ये आइव्ह्ज यांनी एक विशिष्ट बांधणी वापरली आहे. रूढ सोनाटात मुख्य सुरावट आरंभी सांगितली जाते व नंतर तिचा विस्तार होतो. आइव्ह्ज यांच्याकडे आधी तिचे तुकडे, सावल्या आणि साथीचे धागे ऐकू येतात. संपूर्ण सुरावट शेवटी प्रकटते. अभ्यासक पीटर बर्कहोल्डर यांनी या बांधणीला संचयी रचनाबंध अशा अर्थाचे नाव दिले आहे. ते स्तोत्रगीत ठाऊक असलेल्या श्रोत्याला शेवटी ओळख पटल्याचा आनंद होतो. ते ठाऊक नसलेल्यालाही विस्कळीत स्वर एका जागी येऊन स्थिरावल्याचे जाणवते.

१९१४ मध्ये आइव्ह्ज यांनी फ्रान्झ मिल्के या व्यावसायिक जर्मन व्हायोलिनवादकाला पहिला सोनाटा वाजवून पाहण्यासाठी घरी बोलावले. मिल्के पहिल्या पानापुढे फारसे जाऊ शकले नाहीत आणि कानांवर हात ठेवून खोलीबाहेर आले, असे आइव्ह्ज यांनी आठवणींत लिहिले आहे. आपल्याच कानांत काही दोष आहे की काय, अशी शंका त्यांना या प्रसंगाने आली. तिसरा सोनाटा त्या मानाने सौम्य आहे. मिल्के यांच्या शेऱ्यामुळे आपण हात आखडता घेतला, असे वाटून पुढे ते या सोनाटावर नाराज राहिले. २२ एप्रिल १९१७ रोजी न्यू यॉर्कमध्ये डेव्हिड टॅलमॅज (व्हायोलिन) आणि स्टुअर्ट रॉस (पियानो) यांनी तो निमंत्रितांसमोर सादर केला.

‘चिल्ड्रन्स डे अ‍ॅट द कॅम्प मीटिंग’ हे उपनाम असलेला चौथा सोनाटा सर्वांत छोटा आहे. व्हायोलिन शिकणाऱ्या सुमारे बारा वर्षांच्या पुतण्याला वाजवता यावा, म्हणून आइव्ह्ज यांनी तो लिहायला घेतला. पहिल्या खंडात स्तोत्रे म्हणता म्हणता पोरे कवायत करू लागतात. दुसऱ्या खंडात मात्र रचना बारा वर्षांच्या मुलाच्या आवाक्याबाहेर गेली आणि सोपा सोनाटा लिहिण्याचा बेत तेथेच संपला. १९४२ मध्ये हंगेरीत जन्मलेले विख्यात व्हायोलिनवादक योझेफ सिगेटी यांनी अँडोर फोल्डेस यांच्या साथीने या सोनाटाचे ध्वनिमुद्रण केले. २०११ मध्ये हिलरी हान आणि व्हॅलेंटिना लिसित्सा यांनी चारही सोनाटांचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले.

आजारपण आणि स्वखर्चाने प्रकाशन

पहिल्या महायुद्धात सरकारने युद्धरोखे विकायला काढले, तेव्हा सामान्य माणसाला परवडतील असे ५० डॉलरचे छोटे रोखे असावेत, असा आग्रह आइव्ह्ज यांनी धरला. याच धावपळीत, १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये, त्यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला. पुढे मधुमेहाचेही निदान झाले. आयुष्य किती उरले याची खात्री नसल्यामुळे त्यांनी लिहिलेले संगीत निदान छापून ठेवण्याचे ठरवले. नॉर्थ कॅरोलायनातील ॲशव्हिल येथे विश्रांती घेताना त्यांनी ‘कॉन्कॉर्ड’ सोनाटा छपाईसाठी सिद्ध केला आणि त्याच्या सोबतीला ‘एसेज बिफोर अ सोनाटा’ हे पुस्तक लिहिले. कलेतील आशय आणि केवळ ढब यांतील भेद हा त्या पुस्तकाचा मुख्य विषय आहे. १९२२ मध्ये ‘११४ साँग्ज’ हा गीतसंग्रह निघाला. ही सर्व प्रकाशने त्यांनी स्वखर्चाने छापली आणि मागेल त्याला विनामूल्य पाठवली. बहुतेकांनी दुर्लक्ष केले, काहींनी थट्टा केली.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस एके दिवशी ते डोळ्यांत पाणी घेऊन खाली आले आणि आता काही सुचत नाही, कोणताच स्वर बरोबर वाटत नाही, असे म्हणाले, अशी आठवण हार्मनी यांनी सांगितली आहे. त्यानंतर त्यांनी जुन्या रचनांची दुरुस्ती केली. नवीन मोठी रचना पूर्ण केली नाही. १ जानेवारी १९३० रोजी ते विमा व्यवसायातूनही निवृत्त झाले.

उशिरा मिळालेली मान्यता

संगीतकार हेन्री कॉवेल यांनी १९२० च्या दशकाअखेरीस आइव्ह्ज यांच्या रचना आपल्या ‘न्यू म्युझिक’ या त्रैमासिकात छापायला सुरुवात केली. त्या त्रैमासिकाला आइव्ह्ज स्वतः आर्थिक मदत करत. निकोलस स्लोनिम्स्की यांनी १० जानेवारी १९३१ रोजी न्यू यॉर्कमध्ये आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये ‘थ्री प्लेसेस इन न्यू इंग्लंड’ सादर केली. २० जानेवारी १९३९ रोजी जॉन कर्कपॅट्रिक यांनी न्यू यॉर्कच्या टाउन हॉलमध्ये संपूर्ण ‘कॉन्कॉर्ड’ सोनाटा वाजवला. समीक्षक लॉरेन्स गिलमन यांनी त्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि आइव्ह्ज यांचे नाव सर्वदूर पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय ६४ होते.

५ एप्रिल १९४६ रोजी लू हॅरिसन यांच्या संचालनाखाली तिसरी सिंफनी प्रथम वाजवली गेली आणि १९४७ मध्ये तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. बक्षिसे मुलांसाठी असतात आणि आपण आता मोठे झालो आहोत, अशा आशयाचे उद्गार काढून आइव्ह्ज यांनी पुरस्काराची रक्कम देऊन टाकली. २२ फेब्रुवारी १९५१ रोजी लेनर्ड बर्नस्टाइन यांनी न्यू यॉर्क फिलहार्मोनिकसह दुसरी सिंफनी सादर केली. प्रकृतीमुळे आइव्ह्ज सभागृहात गेले नाहीत. नंतर त्यांनी ती रेडिओवर ऐकली. मोतीबिंदू, थरथरणारे हात आणि मधुमेह यांनी त्यांची अखेरची वर्षे व्यापली होती. शस्त्रक्रियेनंतर आलेल्या पक्षाघाताने १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले. डॅनबरी येथील वूस्टर दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

चौथी सिंफनी त्यांच्या हयातीत पूर्ण ऐकली गेली नाही. लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांनी २६ एप्रिल १९६५ रोजी कार्नेगी हॉलमध्ये तिचे पहिले संपूर्ण सादरीकरण केले. तिच्यात एकाच वेळी चालणाऱ्या लयी इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की, मुख्य संचालकासोबत साहाय्यक संचालकांची मदत घ्यावी लागली.

कालनिश्चितीचा वाद

आइव्ह्ज यांनी अनेक तंत्रे युरोपातील श्योनबर्ग, स्ट्राविन्स्की आदी रचनाकारांच्या आधी किंवा त्यांच्याहून स्वतंत्रपणे वापरली, असे दीर्घकाळ सांगितले जाई. १९८७ मध्ये मेनार्ड सॉलोमन यांनी या दाव्याला आव्हान दिले. आइव्ह्ज यांनी जुन्या हस्तलिखितांत मागाहून कर्कश स्वर भरले आणि त्यांवर आधीच्या तारखा घातल्या असाव्यात, असा त्यांचा संशय होता. त्यानंतर गेल शेरवूड यांनी कागदाचे प्रकार आणि बदलत गेलेले हस्ताक्षर यांच्या आधारे हस्तलिखितांची तपासणी केली. अनेक रचना पूर्वी समजल्या जात त्यापेक्षा काही वर्षे उशिराच्या असल्याचे तीतून दिसून आले. परंतु हेतुपुरस्सर फसवणुकीचा आरोप सिद्ध झाला नाही, आणि काही प्रयोग खरोखरच विद्यार्थिदशेतील असल्याचे स्पष्ट झाले. आइव्ह्ज एकच रचना अनेक वर्षे हाताळत राहत. त्यामुळे तिला एकच वर्ष जोडणे अनेकदा शक्य होत नाही. वेगवेगळ्या सूचींमधील तारखांत फरक दिसतो, तो यामुळेच.

मूल्यमापन

आइव्ह्ज यांना काही समीक्षकांनी ‘हौशी’ ठरवले. येलमधील चार वर्षांचे शिक्षण आणि चौदा वर्षांचे चर्चमधील वादन पाहता हा शब्द अपुरा आहे. सफाईदार व सुखद संगीताची थट्टा करताना ते स्त्रियांना कमी लेखणारे शब्द वापरत, यावर नंतरच्या अभ्यासकांनी योग्य टीका केली आहे. दुसऱ्या तंतुवाद्य-चतुष्टयात त्यांनी दुसऱ्या व्हायोलिनला ‘रोलो’ असे नाव देऊन नेमस्त, नियमनिष्ठ वादकाचे व्यंगचित्र काढले आहे. या रचनेत चार माणसे गप्पा मारतात, वाद घालतात आणि अखेर डोंगर चढून आकाशाकडे पाहतात.

विमा आणि संगीत ही दोन वेगळी आयुष्ये आहेत, असे आइव्ह्ज यांना वाटत नव्हते. व्यवसायात सर्व प्रकारच्या माणसांचे स्वभाव, भीती व आशा जवळून दिसतात आणि संगीताला त्याचा उपयोग होतो, तसेच संगीताचा व्यवसायाला होतो, असे त्यांनी नमूद केले आहे. विम्यात ते अनेकांची अनिश्चितता एकत्र करून प्रत्येकाला आधार देणारा हिशेब मांडत. संगीतातही त्यांनी अनेक सुरावटींना आपापल्या लयीत चालू दिले. एकीला दुसरीसाठी गप्प बसवले नाही. या दुहेरी जीवनाची किंमतही मोठी होती. प्रकृती लवकर ढासळली, निर्मितीचा काळ विशीपासून पन्नाशीपर्यंतच राहिला आणि आपल्या बहुतेक मोठ्या रचना वाद्यवृंदाकडून ऐकून सुधारण्याची संधी त्यांना ऐन उमेदीत मिळाली नाही.

निवडक रचना

• ‘अमेरिका’ या सुरावटीवरील विविधता-मालिका : ऑर्गनसाठी
• सिंफनी क्रमांक १ ते ४
• ‘द अनआन्सर्ड क्वेश्चन’ आणि ‘सेंट्रल पार्क इन द डार्क’
• ‘थ्री प्लेसेस इन न्यू इंग्लंड’ : वाद्यवृंदासाठी
• व्हायोलिन व पियानो यांच्यासाठी सोनाटा क्रमांक १ ते ४
• व्हायोलिन, क्लॅरिनेट व पियानो यांच्यासाठी लार्गो
• तंतुवाद्य-चतुष्टय क्रमांक १ व २
• पियानो सोनाटा क्रमांक २, ‘कॉन्कॉर्ड’
• ‘११४ साँग्ज’ : गीतसंग्रह (१९२२)

लेखन

• ‘द अमाउंट टू कॅरी’ : विमाविषयक पुस्तिका
• ‘एसेज बिफोर अ सोनाटा’ (१९२०)
• ‘मेमोज’ : आठवणी, जॉन कर्कपॅट्रिक यांनी संपादित केलेले पुस्तक, मरणोत्तर प्रकाशन (१९७२)

सन्मान आणि स्मृती

• तिसऱ्या सिंफनीसाठी पुलित्झर पुरस्कार (१९४७).
• हस्तलिखिते येल विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात जतन केली आहेत.
• हार्मनी आइव्ह्ज यांनी पतीच्या रचनांचे मानधन ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ आर्ट्स अँड लेटर्स’ या संस्थेला दिले. त्यातून तरुण संगीतरचनाकारांना आइव्ह्ज यांच्या नावाने शिष्यवृत्त्या दिल्या जातात.
• अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९७ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले.
• डॅनबरी येथील जन्मघर जतन करण्यात आले आहे.